दुसऱ्याच्या चुलीवर

माझ्या धाकट्या बहिणीचा ओंकार नोकरीसाठी सांगलीहून मुंबईत आला, त्याला आठ महिने झाले. साकीनाक्याला एका खोलीत चौघं राहतात. दुपारी ऑफिसचं कँटीन, रात्री डबा. एप्रिलमध्ये एकदा फोनवर म्हणाला, ‘मावशी, मुंबईचं म्हणून काय खायचं असतं गं? इथं तर सगळंच बाहेरून आलेलं दिसतंय.’

तो सहज बोलून गेला, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. आईची आई, म्हणजे आमची आजी, त्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवायची. तिच्या हातचं जेवून किती माणसं मिलच्या पाळीवर गेली याचा हिशेब एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत आहे, आणि ती वही माझ्या कपाटात आहे. ओंकारला हे काहीच ठाऊक नव्हतं. बहीण लग्न होऊन सांगलीला गेली आणि तिच्या घरात लालबाग म्हणजे गणपतीच्या दिवसांत टीव्हीवर दिसणारी गर्दी एवढंच उरलं.

मी त्याला म्हटलं, ‘येता शनिवार मोकळा ठेव. सकाळी सातला मरीन लाइन्सला ये. काही खाऊन येऊ नकोस.’

धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर कयानी हे इराण्याचं हॉटेल. पाटीवर साल आहे १९०४. आत उंच छत, वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या, चौकडीचे टेबलक्लॉथ आणि काचेच्या बरण्यांतून खारी, नानखटाई, बिस्किटं. ब्रुन मस्का आणि ‘पानी कम’ चहा मागवला. ब्रुन म्हणजे वरून कडक, आतून मऊ असा पाव. सुरी लावली की करकरतो आणि टेबलभर चुरा होतो. ओंकार तो नुसताच चावायला निघाला होता. ‘अरे, बुडव,’ म्हटलं. त्याने बुडवला, तसा मस्का वितळून चहावर पिवळे थेंब तरंगले. त्या थेंबांचा चहा शेवटी पिण्यात जी गंमत आहे ती मला आजोबांनी दाखवली होती. पगाराच्या दिवशी ते मला इराण्याकडे न्यायचे आणि बशीत ओतलेला चहा माझ्यापुढे सरकवायचे.

हे इराणी आले इराणातल्या यझ्द आणि केरमानकडून. मुंबईत पारशी आधीपासून होते, त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागलेले. पण मागे इराणात राहिलेल्या झरथुष्ट्री लोकांचे हाल चालूच होते. त्यांना जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं आणि शाहच्या दरबारी खेटे घालून घालून शेवटी १८८२ मध्ये तो कर रद्द झाला. तरी दारिद्र्य आणि जाच संपले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तरुण मुलं मुंबईला येत राहिली. आधी पारशांच्या घरी नोकरीला लागायची, मग चहाची किटली घेऊन फिरायची आणि मग एखाद्या नाक्यावरचा गाळा घ्यायची. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अपशकुनी मानायचे, म्हणून ती इराण्याला मिळाली असं जुने लोक सांगतात. दोन रस्त्यांना दोन दारं आणि आत भरपूर उजेड, त्यामुळे दुकान चाललं.

त्यांच्या देशात चहा बिनदुधाचा. इथे त्यांनी दूध घातलं, कारण गिऱ्हाईक दुधाचं होतं. पाव मुळात त्यांचा नव्हताच. तो पोर्तुगिजांचा, त्यांचा शब्दही ‘पाव’च. गोव्याच्या पदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, आणि इथल्या ख्रिस्ती लोकांनी तो मुंबईत रुजवला आणि पुढे इराण्यांनी आपल्या भट्ट्या घातल्या. आज मुंबईतल्या कित्येक भट्ट्यांवर उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर रात्रभर पीठ मळतात. म्हणजे ओंकारच्या हातातला तो एक तुकडा किती हातांतून आला होता!

‘आजोबा इराण्याकडेच का यायचे? दुसरी हॉटेलं नव्हती?’ त्याने विचारलं.

होती. पण त्या काळातली बरीच हॉटेलं आणि खाणावळी जातीजातींच्या होत्या. कोणी कोणाच्या पंगतीला बसायचं हे ठरलेलं होतं. आजोबा मिलमध्ये साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. तिथे धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे. एकाच्या थुंकीचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा, म्हणून अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या कामगारांना साचा खात्यात घेतच नसत. पगार तिथे जास्त, आणि दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आजोबा मिलमध्ये लागले ते पुष्कळ नंतर, तरी ती वागणूक पूर्ण गेली नव्हती असं ते सांगायचे. त्यांचा एक दोस्त सूतखात्यात होता. चाळीत त्याला पाणीसुद्धा बाहेरच्या बाहेर मिळायचं. दोघं पगाराच्या दिवशी इराण्याकडे समोरासमोर बसायचे, एक कटिंग दोघांत घ्यायचे. आजोबांना इराणी आवडायचा तो यासाठी. हे मला फार उशिरा, आजोबा गेल्यावर आजीकडून कळलं.

बिल देऊन बाहेर आलो. मी ओंकारला जेर महालच्या जिन्याकडे नेलं. जिन्यात गोव्यातल्या गावांच्या नावाचे क्लब आहेत, त्यांना कूड म्हणतात. गोव्याहून बोटीवर नोकरीला जाणारे तारवटी मुंबईत येऊन जहाजाची वाट बघायचे. महिना लागो, चार महिने लागोत, राहायचं कुठे? म्हणून एकेका गावाने वर्गणी काढून मुंबईत एकेक खोली केली. नाममात्र भाडं, भिंतीला लावलेल्या ओळीने पेट्या आणि एक वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. मी खालीच थांबले. ओंकार वर जाऊन दारातून बघून आला. दारात बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला पेट्या दाखवल्या, काहींची कुलपं गंजलेली होती. ‘पेटी ठेवून गेलेला माणूस परत येईल म्हणून कोणी हलवत नाही म्हणाले,’ ओंकार उतरताना सांगत होता. मग दोन पायऱ्या थांबून म्हणाला, ‘मावशी, हे पीजीच झालं की.’

‘पीजी नव्हे,’ मी म्हटलं. ‘चल, तुला आपली कूड दाखवते.’

सीएसएमटीवरून धीमी गाडी पकडून चिंचपोकळीला उतरलो. एप्रिल म्हणजे लालबागला मसाल्याचा महिना. पुलावरून उतरतानाच नाकात झिणझिण्या येतात. मिरच्यांचे ढीग लागलेले असतात. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. बायका मिरच्या मुठीत घेऊन दाबून बघतात, देठ मोडून बघतात. मग धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असं वजन करून घ्यायचं, तिथेच भाजून घ्यायचं आणि कांडपाच्या रांगेत डबा ठेवून उभं राहायचं. यंत्राच्या त्या धाडधाड आवाजात दुकानदार आणि बायका खुणांनी बोलतात. यादी बायकांच्या तोंडात असते, कागद लागत नाही. आणि प्रत्येकीची यादी वेगळी. मालवणची बाई, रत्नागिरीची बाई, कोल्हापूरकडची बाई यांचं दगडफुलावरून, खोबऱ्यावरून, कांदा-लसणीवरून तिथल्या तिथे बिनसतं. मला ते ऐकायला फार आवडतं. मी दोन किलोचा मसाला नोंदवला आणि तो होईपर्यंत ओंकारला घेऊन चाळीकडे गेले.

आजी मुंबईला आली ती बोटीने. विजयदुर्गला बसली आणि भाऊच्या धक्क्याला उतरली. सोबत एक ट्रंक, तांदळाची पोटली आणि माझी आई कडेवर. आजोबा त्याआधी सहा वर्षं गाववाल्यांच्या खोलीत राहत होते. आमच्या गावाची परळला एक खोली होती, गावकीची. तिच्यात वीस-बावीस माणसं. पण एका वेळी सगळी कधीच खोलीत नसायची, कारण पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्या वळकटीवर रातपाळीचा येऊन झोपायचा. पेट्या भिंतीला. कोपऱ्यात देवाचा फोटो. दर महिन्याला बैठक, वर्गणी, शिमग्याला गावी कोणी जायचं त्याचा ठराव. मी हे सांगत होते तेव्हा ओंकार एकदम म्हणाला, ‘सेम कूड.’ हो, अगदी तशीच. फक्त वेदीच्या जागी रवळनाथ.

या माणसांना झोपायला जागा मिळाली होती. चूल नव्हती. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष असे एकटे आले, बायकापोरं गावी ठेवून. आठ तास साच्यावर उभं राहून आलेला माणूस स्वतःसाठी काय रांधणार! म्हणून चाळीचाळीत खाणावळी निघाल्या. त्या चालवणाऱ्या बहुतेक बाया. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा आजारी, कोणाचा बदली कामगार म्हणून महिन्यातले दहाच दिवस काम मिळणारा. माझ्या आजीचा नवरा धडधाकट होता, पण चार पोरं होती.

खोली तिसऱ्या मजल्यावरची. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मोरी त्याच जागी आहे. मोरीच्या कठड्याला लागून आजीचे दोन स्टोव्ह असायचे. पहाटे साडेतीनला त्यांचा भरभर आवाज सुरू व्हायचा, कारण पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत जायला हवेत. बारा जण जेवायला, बारापैकी पाच जण पाळीप्रमाणे दोनदा. भात, आमटी, आठवड्यातून तीन दिवस मासे, सोमवार-गुरुवार वरण. माणसं गॅलरीत ओळीने बसायची, आणि ताटं सातच होती, म्हणून पहिल्याचं ताट विसळून आठव्याला.

सुरुवातीला सगळे आमच्याच तालुक्याचे आणि आमच्याच जातीचे. आजीची खाणावळसुद्धा त्या काळासारखीच होती, हे मी लपवणार नाही. आजोबांचा तो सूतखात्यातला दोस्त तिच्या पंगतीला बसला नाही. ती म्हातारपणी एकदा बोलून गेली, ‘त्येका बसवक् व्हया होता.’ एवढंच. मग बराच वेळ लसूण सोलत राहिली.

मग एक दिवस साच्यावरच्या एकाने साताऱ्याकडचा माणूस आणला. घाटावरचा. त्याला दोन वेळ भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटेना. आठ दिवस तो काही बोलला नाही, नवव्या दिवशी ज्वारीचं पीठ घेऊन आला आणि आजीला म्हणाला, ‘वहिनी, तुम्हाला येत नसंल तर म्या दावतो.’ आजीला तांदळाची भाकरी यायची. ज्वारीची कधी केली नव्हती. गॅलरीत बसलेल्या अकरा माणसांच्या देखत त्या गड्याने परात पुढे ओढून भाकरी थापली. आपल्या बायकोची आठवण काढत थापली असणार, कारण गावी पुरुष कशाला थापतात! आजी शिकली. पुढे तिच्याकडे घाटावरचे चौघे झाले. वहीत त्यांच्या नावापुढे ‘भा’ असं लिहिलेलं आहे, बाकीच्यांच्या पुढे काही नाही.

त्या वहीची शेवटची पानं १९८२ ची आहेत. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पगार थांबला. आजीने जेवण थांबवलं नाही, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मग एकेक माणूस गावी गेला. कोणी सांगून, कोणी न सांगता. एप्रिलच्या पानावर चारच नावं आहेत. मेचं पान नाही. बाकी राहिलेल्या रकमांखाली आजीने रेघ मारलेली नाही, म्हणजे तिच्या लेखी ते खातं उघडंच राहिलं. बऱ्याच खाणावळवाल्यांची तीच गत झाली. त्याआधी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं आणि बँकांची छोटी कर्जं मिळवून दिली होती. कोळसा-धान्य उधारीवर आणून सावकाराच्या व्याजात पिचणाऱ्या बायांना त्यामुळे पहिल्यांदा श्वास घेता आला. प्रेमाताई स्वतः गोव्याहून आलेल्या. गिरण्यांचा इतिहास लिहिताना संप येतो, पुढारी येतात, मालक येतात. पहाटे साडेतीनला स्टोव्हला पिन मारणाऱ्या बायका फार थोड्या ठिकाणी येतात. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी जिथे संधी मिळेल तिथे बोलून दाखवते.

मसाला घेऊन गाडीत बसलो तेव्हा डब्याला अजून ऊब होती.

माटुंग्याला, स्टेशनच्या समोरच, मार्केटच्या वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. नावातल्या बोर्डिंग या शब्दाकडे मी ओंकारचं लक्ष वेधलं. आपली खाणावळ तेच त्यांचं बोर्डिंग. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची गर्दी पांगवायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि त्यांनी पुढे दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली. रुंद रस्ते, झाडं, बेताच्या उंचीच्या इमारती. मद्रासकडून रेल्वेत आणि कचेऱ्यांत टायपिस्ट, कारकून म्हणून आलेली मंडळी इथे राहिली. इंग्रजी येणारी, हिशेबाला पक्की, आणि पहिली काही वर्षं एकटी. त्यांना जेवू घालायला उडुपीकडची माणसं आली. दहा-बारा वर्षांची पोरं गावाहून यायची, दिवसा बशा विसळायची, रात्री कन्नड रात्रशाळेत जायची. त्यातलीच काही पुढे गल्ल्यावर बसली.

केळीचं पान मांडलं गेलं. पाणी शिंपडून आपणच पुसायचं. दोन भाज्या, सांबार, रसम, पापड, गरम पुऱ्या, भात, ताक. वाढणारे थांबत नाहीत, तुम्ही हात आडवा धरेपर्यंत वाढत राहतात. इथलं सांबार मद्रासच्या सांबारापेक्षा गोडसर, कारण उडुपीच्या स्वयंपाकात गुळाचा खडा पडतो. मुंबईच्या माणसाला सांबार म्हटलं की ही चव आठवते. मला रसम आवडतं. वाटीत न घेता पानातल्या भातावर घ्यायचं आणि ते पळायच्या आत बोटांनी वळवून घ्यायचं. ओंकारच्या हातून दोनदा पळालं. शेजारच्या पानावरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘आधी भाताला मधे खड्डा करा.’ स्वच्छ मराठी. तीस वर्षं येतोय म्हणाले, दर शनिवारी.

माझा मोठा मामा तरुणपणी, साठच्या दशकाच्या शेवटी, ज्या मोर्च्यांना जायचा त्यांतल्या काहींनी उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड टाकले होते. नोकऱ्या दाक्षिणात्य घेऊन जातात हा राग होता. राग खोटा नव्हता, मराठी पोरं पदव्या घेऊन घरी बसली होती. पण दगड लागला तो कपबशा विसळणाऱ्या पोराला. आजीने त्या रात्री मामाला जेवायला वाढलं नाही. एवढंच विचारलं, ‘आपण बोटीतसून उतरलंव तेव्हा आपल्याक् कोणी इचारल्यान्?’ मामा निवृत्त झाल्यावर माटुंग्याला राहायला गेला आणि रोज सकाळी फिल्टर कॉफी प्यायचा. त्या रात्रीविषयी तो कधी बोलला नाही. मी विचारलंही नाही, आता तो नाही.

तिथून टॅक्सीने सायनमार्गे चेंबूर. सायन कोळीवाडा मागे टाकताना ओंकारला सांगितलं की हॉटेलात ‘प्रॉन्स कोळीवाडा’ म्हणून जे मिळतं ते कोळ्यांचं नाही. फाळणीनंतर इथे पंजाबी निर्वासितांची छावणी होती. त्यांच्या ढाब्यांवर बेसन, ओवा, तिखट लावून मासळी तळायला लागले आणि वस्तीचं नाव पदार्थाला चिकटलं. कोळी माझ्या माहितीप्रमाणे या शहरातले सगळ्यांत आधीचे. त्यांच्या सुक्या बोंबलाला मात्र हॉटेलच्या मेनूत अजून फारशी जागा नाही.

चेंबूर कॅम्पला माझी जुनी सहकारी राहते. आम्ही एकाच बँकेत सत्तावीस वर्षं काढली, मी तिला दीदी म्हणते. आम्ही पोचलो चार वाजता. दाल पकवान खरं तर सकाळचं खाणं, पण तिने मुद्दाम ठेवलं होतं. आधी मात्र पापड आणि पाणी आलं. सिंधी घरात पाहुण्यापुढे पहिल्यांदा भाजलेला पापड येतो, मग बाकीचं. पकवान म्हणजे मैद्याची टोचे मारून कडक तळलेली मोठी पुरी. वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. ती पुरी मोडण्याचा आवाज सकाळच्या ब्रुनसारखाच आला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

दीदीच्या सासूबाई कराचीहून आगबोटीने आल्या होत्या. कल्याणच्या छावणीत वर्षभर राहिल्या. त्याच छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. मग त्या इथल्या बराकीत आल्या. मधे पडदा टाकून दोन कुटुंबं एका खोलीत. सासरे लोकलमध्ये फिरून वस्तू विकायचे, सासूबाई पापड लाटायच्या. ‘कोकणातल्या माणसाला गाव असतं,’ दीदी मला एकदा म्हणाली होती, ‘होळीला, गणपतीला जायला. आम्हाला तेही नाही.’ तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. पण तेव्हापासून मी गणपतीला गावी जाऊन आले की तिच्यासाठी आठवणीने खाजं आणते. तिच्या सिंधी कढीत आमसुलं पडतात, ती मी दिलेली असतात. सिंधमध्ये आमसूल कुठलं! तिच्या सासूबाई कढीला चिंच वापरायच्या. दीदी म्हणते आमसुलाने रंग चांगला येतो.

घाटकोपरला रिक्षा, तिथून मेट्रो, साकीनाका. मी खरं तर ओंकारला सोडून तशीच पुढे ठाण्याला जाणार होते. पण तो म्हणाला, ‘डबा घेऊन येऊ, मग खोली बघ. भाभींकडे आज स्वतः जाऊन घ्यायचाय, पोरगा सुट्टीवर आहे.’

गल्लीतून गल्लीत, मग लोखंडी शिडीने पोटमाळ्यावर. दहा बाय दहा. भाभी मधुबनीच्या. नवरा एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. गॅसच्या दोन शेगड्या, भिंतीला टेकवलेले सव्वीस डबे, प्रत्येकावर नेलपेंटने रंगवलेला आकडा. ओंकारचा एकोणीस. त्यांनी मला खाली बसायला पाट दिला, चहा ठेवला. मी ‘नको’ म्हणत होते आणि माझे डोळे शेगडीकडे होते. बाजूच्या ताटात तीन-चार तुटलेल्या भाकऱ्या पडल्या होत्या.

‘ये सांगली-कोल्हापूर के छे लड़के हैं,’ त्या म्हणाल्या. ‘बोलते हैं, भाभी, हफ्ते में दो दिन भाकरी दो. मोबाइल में देख-देख के सीखा. पर टूटती है. रोटी तो कभी नहीं टूटी हमारी.’

ओंकार ओशाळला. ‘मी म्हटलं होतं चालेल म्हणून. तुटकी पण खातो आम्ही.’

मी पीठ चिमटीत घेऊन चोळून बघितलं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं होतं. बाजारातलं तयार, कधीचं दळलेलं कोण जाणे. भाभींना म्हटलं, पाणी उकळायला ठेवा. जुन्या पिठाला उकळतं पाणीच लागतं. हात धुतले, परात पुढे ओढली. पिठात पाणी घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळलं, मग वाफ जिरल्यावर तळहाताच्या बुडाने रगडून रगडून मळलं. एका भाकरीपुरताच गोळा. खाली पीठ भुरभुरलं आणि थापायला घेतली. वीस वर्षं झाली असतील मी एका बैठकीला दोनपेक्षा जास्त भाकऱ्या थापल्या नव्हत्या. पण हात फिरायला लागला की भाकरी आपोआप गरगरते. भाभी माझ्या करंगळीकडे बघत होत्या. बरोबर तिथेच बघायचं असतं, कारण कड करंगळीने राखायची.

‘आपको किसने सिखाया?’ त्यांनी विचारलं.

‘नानी ने.’

‘और नानी को?’

ओंकारने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी उचलून तव्यावर टाकली, पिठाची बाजू वर, आणि पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकल्यावर उलटली. मग तवा बाजूला करून ती जाळावर धरली. कडेने आधी थोडी, मग सगळीच टम्म फुगली. भाभींनी डब्यांकडे बघून मोजलं, ‘छे लड़के, दो-दो. बारह.’ आणि पदर खोचून परातीच्या पलीकडे बसल्या. दुसरा गोळा त्यांनी घेतला. तो तुटला. तिसरा मी त्यांच्या हाताखाली हात धरून थापवला, तो कडेला चिरला पण उचलला गेला. ओंकार तोवर चष्मा काढून शेगडीजवळ उभा होता आणि चिमट्याने भाकऱ्या फिरवत होता.

मला ठाण्याची नऊ चाळीसची गाडी मिळाली नाही.